सरकारी चाकूला मनाई

हवाई तळ,
दि. २१ जुलै

प्रिय दुरीदादा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मळक्या कपड्यांच्या पिशवीत हे पत्र मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय. मोजे आधी उघडले असतेस तर पत्र वाचायला शुद्धीवर राहिला असतास की नाही, शंकाच आहे. लष्कराचं टपाल फुकट असल्यामुळे इथली सगळी पोरंपोरी आठवड्याचे कपडे घरी धाडतात, आणि परत येणाऱ्या पिशवीत धुतलेल्या सदऱ्यांच्या घड्यांमधून कुणाचं सॉसेज निघतं, कुणाचा केक. मागच्या खेपेला आईने पाठवलेला अक्रोडाचा केक माझ्या हाती चतकोरसुद्धा लागला नाही. आख्ख्या खोलीने तो उभ्या उभ्या संपवला आणि वर मलाच सांगितलं की तुझ्या आईला आमचा नमस्कार कळव. तर तो कळव.

कवायतीचे दिवस संपले. आता आम्हाला हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये घातलंय. मी जाम खुशीत होते. चार वर्षं यंत्रशाळेत हात काळे केलेली मी. बाकीच्यांतले निम्मे अजून पाना कोणता आणि पक्कड कोणती तेच शिकतायत. आणि पहिल्याच दिवशी नाक कापून घेतलं ते मीच.

झालं असं. भरतीच्या दिवशी बूट, हेल्मेट मिळालं त्याबरोबर प्रत्येकाला सरकारी चाकूही मिळाला. बाबांचा होता तसा चंदेरी नाही, हिरव्या मुठीचा. पातं, करवत, डबे उघडायचं, स्क्रूड्रायव्हर, सगळं एका मुठीत. शेडमध्ये हेलिकॉप्टरच्या (इथे सगळे त्याला मशीनच म्हणतात) बाजूची एक झडप पुसत होते, तर तिचा एक स्क्रू जरा वर आलेला दिसला. हात आपसूक खिशात गेला, चाकू निघाला, दोन वेळा फिरवला, स्क्रू बसला. मी स्वतःवर खूश. मागे वळून बघते तर गिस्लरबाई.

या आमच्या शेडच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतील. ओरडल्या वगैरे काही नाहीत. मी तोच स्क्रू परत काढावा असं म्हणाल्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला आहे, त्यातला नेमका स्क्रूड्रायव्हर, त्याच्या जागी माझ्या नावाचा बिल्ला अडकवून, घ्यायला लावला, आणि काढलेला स्क्रू भिंगाखाली धरला. माझ्या चाकूने त्याच्या डोक्याची खाच एका कडेने कुरतडली होती. नव्या स्क्रूसाठी अर्ज, तपासणी, सही, पुन्हा तपासणी. दोन फेऱ्यांच्या स्क्रूपायी सगळी दुपार गेली. मग बाईंनी हात पुढे केला आणि चाकू मागितला. आता तो रोज सकाळी दाराशी कपाटात जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. हा चाकू पाव कापायला, तंबूची दोरी कापायला, डबा उघडायला आहे. मशीनला, विजेच्या तारांना, बंदुकीच्या पोटाला तो लावायचा नाही, असा नियमच आहे म्हणे. सुरुंगवाल्या तुकडीलाही वातीच्या कामात तो वापरू देत नाहीत.

आता तूच सांग, ज्या देशाचा चाकू सगळं जग खिशात घेऊन फिरतं त्या देशाच्या सैनिकाने तो कपाटात ठेवायचा! मला फार अपमान वाटला. आईला यातलं काही सांगू नकोस, केक तेवढा मागून ठेव.

आठवण ठेव, आणि ती वासावर नको, पत्रावर ठेव.
तुझी,
फ्लुरिना


प्रासुत,
दि. २९ जुलै

चि. फ्लुरिना हिस,
दुरीचे अ. उ. आ.

मोजे आईने चिमट्याने उचलले. याउपर काही लिहीत नाही.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे आईला सगळं कळलं. तू सांगू नको म्हणाली होतीस ते वाक्य शेवटी आलं, त्याला माझा इलाज नाही. ती हसून हसून बेजार झाली. बाबांचा चाकू माझ्या खिशात आहे. परवापासून मी त्याने काय काय केलं ते ऐक. दूध काढायच्या यंत्राची नळी बसवली. गवत उलटायच्या यंत्रात अडकलेली तार तोडली. आईच्या चष्म्याचा इवलासा स्क्रू पिळला. वासराच्या पायात रुतलेली दोरी कापली आणि तेच पातं पुसून चीजही कापलं; हे मात्र आईला माहीत नाही. तुझ्या गिस्लरबाई इथे असत्या तर त्यांनी मला गोठ्याबाहेर काढून गायी जप्त केल्या असत्या.

तुमाशमामा जेवायला होता. मला वाटलं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणे, ती बाई लग्नाची आहे का ते विचार. आई त्याच्यावर उखडली, की या वयात बहिणीच्या ताटावर जेवतोस आणि नजर हवाई तळावर. पण मामा खरंच त्या बाईंसारखाच आहे. डोंगरावरून लाकडं खाली सोडायच्या त्याच्या तारेला दुसऱ्या कुणी स्वतःच्या पकडीने हात लावला तर तो माणूस त्या दिवशी पायीच घरी जातो. तेव्हा त्यांचं जमेल.

गवत अजून पुरतं आत आलेलं नाही. रोज दुपारी पाऊस येतो आणि ओढ्याचं पाणी काळं झालंय, वरून दगडमाती आणतंय. मामा रोज पुलाखाली जाऊन अडकलेली लाकडं ओढून काढतो.

केक सोबत आहे. लपवून खा. शहाणपण कमी शीक, नाहीतर परत आलीस की माझ्याच गोठ्यात माझ्यावर बिल्ले अडकवशील.
तुझा दादा,
दुरी


हवाई तळ,
दि. १६ ऑगस्ट

प्रिय दुरीदादा,
सप्रेम नमस्कार.

केक लपवला होता. सापडला. या सैन्याची टेहळणी उत्तम आहे, देशाला काळजी नको.

मागच्या पत्रात मी गिस्लरबाईंवर जे तोंडसुख घेतलं ते परत घ्यायचं आहे. तू हसशील, पण आधी ऐक. आमच्यातल्या एकाने धीर करून विचारलं की खिशातल्या चाकूची एवढी भीती कशाला. बाईंनी भाषण दिलं नाही. शेडच्या मागे एक जुनं, उडण्यातून बाद झालेलं मशीन आहे, तिथे आम्हाला नेलं. मला वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं आणि दांडा डावीकडून उजवीकडे हलवायला लावला. सरसर हलला, लोण्यातून सुरी जावी तसा. मग त्यांनी वर चढून माझाच चाकू, मिटलेला, आत पंख्याकडे जाणाऱ्या दांड्यांच्या शेजारी ठेवला आणि परत हलव म्हणाल्या. डावीकडे गेला. उजवीकडे येताना मधेच थांबला. दादा, गवताचे भारे उचललेले हात आहेत माझे, दोन्ही हातांनी ओढलं, पाय टेकवून ओढलं. तो मध्यापुढे सरकेना. आणि खुर्चीत बसलेल्याला तो कशाने अडलाय हे दिसतसुद्धा नाही. समोर फक्त काच आणि आकाश.

खाली उतरले तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या की भिंतीवरच्या हत्याराची जागा रिकामी दिसते, खिशातलं हत्यार हरवलं तर हरवलंय हेच कुणाला कळत नाही. म्हणून मनाई. आणि एक नियम सांगितला: पंखा फिरायच्या आधी कुणीही, अगदी झाडू मारणाऱ्यानेही, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले तर मशीन थांबवायचं. कारण नंतर विचारायचं.

मी हल्ली त्यांच्याकडे बघतच राहते. त्या मशीनभोवती फिरतात तेव्हा हात पाठीमागे बांधलेले असतात आणि डोळे मात्र प्रत्येक खिळ्याला भेटून येतात. इथला लेफ्टनंट शेल्बर्टही मला आवडतो, पण वेगळ्या कारणाने. तो हसरा, झपाट्याचा, कुठलीही अडचण चुटकीसरशी सोडवणारा. त्याच्या पट्ट्याला घडीची पक्कड असते, मिटली की तळहातात मावते. बाई त्याला टोकतात. तो सलाम ठोकून हसतो आणि पट्टा तसाच राहतो. अधिकाऱ्याच्या पट्ट्याला कपाट कोण दाखवणार!

मामाला सांग, बाई विवाहित आहेत. नवरा बेकरीत आहे. आशेला जागा नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा, आणि मला विसरू नकोस.
फ्लुरिना


प्रासुत,
दि. ४ सप्टेंबर

चि. फ्लुरिना,
आशीर्वाद.

आईने फोनवर तुला थोडक्यात सांगितलंच असेल. तिच्याने जास्त बोलवलं नसेल. मी सगळं लिहितो, कारण मला ते कुठेतरी उतरवायचं आहे.

गुरुवारी दुपारी वरचा उतार सुटला. आवाज आधी आला, मालगाडी डोंगरातून येतेय असा. मामा पुलाखाली होता. लाकडं अडून पाणी गावात शिरायला लागलं होतं, म्हणून तो दोर बांधून उतरला आणि मधला मोठा ओंडका त्याने मोकळा केला. तो ओंडका सुटला म्हणून पाणी खालच्या आळीत गेलं नाही, शाळा वाचली, आपला गोठा वाचला. पण मागून आलेल्या दगडांत मामाचा पाय गेला. आम्ही चौघांनी पहारीने दगड हलवून त्याला बाहेर काढलं. घोट्याच्या खाली बघवत नव्हतं.

रस्ता वाहून गेलेला, फोन बंद. अग्निशामक दलाचा वायरलेस तेवढा चालू होता. नेहमीची बचावाची हेलिकॉप्टरं पलीकडच्या खोऱ्यात अडकली होती, म्हणून लष्कराचं मागवलं. निरोप आला, निघतंय. शिडीवर गाद्या बांधून आम्ही मामाला शाळेच्या मैदानात आणून ठेवलं. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो दारू मागत होता, आणि आई त्याला ती मिळणार नाही म्हणून रागावत होती, आणि रडत होती. मग दुसरा निरोप आला: निघालं नाही, जमिनीवरच्या कुणीतरी थांबवलंय.

थांबवलंय! दरीतून धुकं वर चढत होतं, मैदानाच्या कडेची झाडं एकेक करून दिसेनाशी होत होती, आणि तिकडे कुणीतरी थांबवत बसलं होतं. मी त्या वायरलेसवाल्या पोराची कॉलर धरली, त्याचा काही दोष नसताना. शेवटी मशीन आलं ते धुक्याच्या शेवटच्या फटीतून. अजून जरा उशीर झाला असता तर उतरलंच नसतं.

मामाचं पाऊल कूर शहरातल्या इस्पितळात कापावं लागलं. जिवाला धोका नाही म्हणतात. तो कुणाशी बोलत नाही. मी जातो, खुर्चीवर बसतो, परत येतो.

तू तिथे आहेस. ते मशीन कुणी थांबवलं ते तुला कळेल. मला नाव हवंय. त्या माणसाला मी एकदा या मैदानात आणून उभा करणार आहे.

दुरी


हवाई तळ,
दि. ८ सप्टेंबर

दादा,
नमस्कार.

तुला नाव हवंय. आई सांगते ते खरं असेल तर माझ्या बारशाला ते तूच ठेवलंस.

हे फोनवर सांगायला हवं होतं. आईचा आवाज ऐकला आणि नाही जमलं. आता सगळं सांगते. वाचून झाल्यावर तुला जे वाटेल ते वाटू दे.

त्या दुपारी मशीन तयार होत होतं तेव्हा कुठे जायचंय ते आम्हाला कळलं होतं. लेफ्टनंटच्या तोंडून आपल्या गावाचं नाव ऐकलं. एक माणूस, पाय चिरडलेला, एवढंच. कोण ते कळलं नव्हतं. मी मनात एकेकाला स्ट्रेचरवर झोपवत होते. तुला, मामाला, शाळेच्या मास्तरांना. आईला नाही झोपवू शकले.

इंजिनावरच्या झाकणाची एक बारीक तार तुटून वर आली होती. ती काढायची नेमकी पक्कड दुसऱ्या मशीनवर गेलेली. शेल्बर्ट वर चढला, पट्ट्याची घडीची पक्कड काढली आणि तार झटक्यात उपटली. चुकीचं होतं, पण त्या वेळी मलाही तेच बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, लवकर निघेल. मग खालून कुणीतरी दोरांची पिशवी आली म्हणून हाक मारली आणि तो उडी मारून उतरला. नवी तार बांधून झाकण दुसऱ्याने लावलं, आणि पंख्याकडे जाणारे ते दांडे त्याच झाकणाखाली असतात. मी आग विझवायचं नळकांडं घेऊन पुढे उभी होते. तो माझ्या समोरून धावत गेला आणि त्याच्या पट्ट्यावरचा खिसा मला उघडा दिसला. रिकामा.

मी ओरडून विचारलं. तो धावता धावता म्हणाला की असेल पिशवीत. असेल! वैमानिकाने बोट वर करून फिरवलं, म्हणजे आता पंखा सुरू. दादा, मला आपलं मैदान दिसत होतं. मला हेही दिसत होतं की मी काही केलं नाही तर कुणी मला कधी काही विचारणार नाही. आणि मला तो मधेच अडलेला दांडा हातात जाणवत होता. मी नळकांडं खाली ठेवलं आणि हात डोक्यावर फुलीसारखे धरले.

सगळं थांबलं. शेल्बर्ट संतापला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला न हसताना पाहिलं. माणूस मरतोय तिकडे, अक्कल आहे का, असं म्हणाला. मला सांगावंसं वाटलं की तो माणूस माझ्या घरचाही असेल, पण हात तसेच डोक्यावर धरून राहिले. गिस्लरबाई आल्या. त्यांनी मला एकच विचारलं, की काय पाहिलंस. मी म्हटलं, पक्कड वर जाताना पाहिली, खाली येताना नाही पाहिली. त्या वळल्या आणि झाकण उघडायला सांगितलं. शेल्बर्टने स्वतःच्या पिशव्या जमिनीवर पालथ्या केल्या. नाही. बाई स्वतः वर चढल्या, आरसा आणि दिवा घेऊन कोपरान् कोपरा पाहिला. मी खाली उभी राहून त्यांच्या बुटांचे तळवे बघत होते आणि देवाला म्हणत होते की सापडू दे, म्हणजे मी बरोबर ठरेन. आणि लगेच म्हणत होते की नको, लवकर होऊ दे.

मशीनमध्ये पक्कड नव्हती. बाईंनी सही केली, मशीन उडालं. पक्कड संध्याकाळी मिळाली, शेल्बर्टच्या पावसाळी कोटाच्या अस्तरात. फाटक्या खिशातून आत उतरली होती.

म्हणजे दादा, ते मशीन मी विनाकारण थांबवलं. तू म्हणशील ते कमीच आहे.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. रात्रीच्या हजेरीला सगळ्यांसमोर शेल्बर्ट पुढे आला. ती पक्कड त्याने हातात धरली होती. म्हणाला की नियम मोडला तो मी, उशीर झाला तो माझ्यामुळे, आणि हिने हात वर केले नसते तर मला आज झोप लागली नसती, कारण पक्कड कुठे आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो. मग त्याने ती बाईंच्या कपाटात स्वतःच्या हाताने ठेवली. अधिकाऱ्याने एवढं करायला छाती लागते. मी त्याच्याकडे बघून सलाम केला, तो पहिल्यांदा मनापासून.

पुढचे कपडे मी इथेच धुवीन. तुम्हाला सध्या तेवढीच कामं पुरे आहेत.

फ्लुरिना


प्रासुत,
दि. १३ सप्टेंबर

फ्लुरिना,

पत्र मिळालं. चारदा वाचलं.

पक्कड कोटात होती. मशीनमध्ये नव्हती. मी गोठ्यात काम करताना हीच दोन वाक्यं फिरून फिरून म्हणतो आणि पुढचं वाक्य सापडत नाही. तू खोटं वागली नाहीस हे कळतं. पण मैदानात मी होतो.

मामाला सांगू नकोस. आईला मी सांगितलेलं नाही. कपडे पाठवत जा, उगाच मानी होऊ नकोस.

दुरी


हवाई तळ,
दि. १९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप तुमाशमामा यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा नको म्हणाला आहे, तरी लिहिते. तुला न्यायला येणारं हेलिकॉप्टर ज्या कुणी थांबवलं ती मी. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. का थांबवलं ते दादाला लिहिलेल्या पत्रात सगळं आहे, ते त्याच्याकडून मागून घे आणि वाच.

ज्याने तुला आणलं तो वैमानिक काल शेडमध्ये आला होता. शांत माणूस आहे, हनुवटीवर व्रण. त्याने मला शोधून काढलं आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला की त्या धुक्यात, तारांच्या मधून, कड्याला जवळजवळ घासून उतरताना त्याला दांड्यावर पूर्ण जोर टाकावा लागला, आणि त्या क्षणी दांड्याबद्दल त्याच्या मनात काडीचीही शंका नव्हती. ती त्याला माझ्यामुळे नव्हती, असं म्हणाला. मी थँक यू म्हटलं आणि शेडच्या मागे जाऊन रडले. कारण त्याच्या मनात शंका नव्हती, पण तुझ्या पायाला पाऊल नाही. हे दोन्ही एका तराजूत कसं घालायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. गिस्लरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की घालू नकोस. तो दिवस पुन्हा आला तर त्या पुन्हा झाकण उघडायला लावतील, आणि पुन्हा तितक्याच हळहळतील.

मामा, लहानपणी तुझ्या तारेपाशी मला उभं राहू द्यायचास ते एकाच अटीवर, हात पाठीमागे बांधून. इथे आल्यापासून तू फार आठवतोस. मी तुझी माफी मागत नाही, कारण कशाची मागायची ते समजत नाही. पण तू बोलायचं टाकलंस तर मला तो तुझा अधिकार वाटेल.

तुझी भाची,
फ्लुरिना


कूर, इस्पितळ,
दि. १० ऑक्टोबर

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे फ्लुरिना हिस,
तुमाशमामाचे पोटभर आशीर्वाद.

मी आयुष्यात एकूण दोन पत्रं लिहिली. पहिलं एका मुलीला लिहिलं होतं, तिने दुसऱ्याशी लग्न केलं. तेव्हा या पत्राकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. उशीर झाला त्याचं कारण अक्षर. इथली नर्स म्हणते, मी लिहितो की लाकडं फोडतो.

माझा वाचायचा चष्मा चिखलात गेला, नवा परवाच मिळाला, त्यामुळे तुझी दोन्ही पत्रं मी दुरीकडून वाचून घेतली. तो आधी नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, एका पायाच्या माणसाला नाही म्हणतोस, लाज नाही वाटत? हे वाक्य मला हल्ली फार उपयोगी पडतं. मग तो वाचायला लागला. शेल्बर्टचं वाचलं, आरशाचं आणि दिव्याचं वाचलं, आणि तू खाली उभी राहून देवाला काय म्हणत होतीस तिथे आल्यावर तो कागद ठेवून खिडकीपाशी गेला. मग खाली बसून शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाला की मामा, मी तिला फार तोडून लिहिलं. मी म्हटलं, तिला सांग, मला काय सांगतोस. त्याचं पत्र मागून येईल. आज सकाळी पाचवा कागद फाडलाय त्याने.

आता माझं ऐक. मी डॉक्टरला विचारलं की मशीन आधी आलं असतं तर पाऊल राहिलं असतं का. तो भला माणूस आहे, म्हणाला, माहीत नाही. कदाचित हो, बहुधा नाही. मी त्याला परत विचारलं नाही आणि तूही कुणाला विचारू नकोस. खोटं समाधान मी तुला देणार नाही. पहिले काही दिवस मी त्या थांबवणाऱ्याला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या तुझ्या नावावर पडल्या हे कळल्यावर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सगळ्या परत घेतल्या. एक दोन चांगल्या जमल्या होत्या, त्या दुसऱ्या कुणासाठी ठेवल्यात.

पण मशीनमध्ये मी शुद्धीवर होतो, हे कुणाला ठाऊक नाही. स्ट्रेचरवर उताणा बांधलेला, एक पोरगा माझा हात धरून बसलेला. दाराच्या काचेतून धुकं दिसत होतं, आणि मग एकदम कडा. इतका जवळ की खडकावरचं शेवाळ दिसलं. मशीन कुशीवर वळलं, माझ्या पोटातलं सगळं एका बाजूला गेलं, आणि कडा मागे पडला. तीस वर्षं मी माणसांच्या डोक्यावरून तारेने लाकडं सोडली आहेत. तार अडली की काय होतं ते मी एकदा पाहिलंय, त्या वेळी मी तरुण होतो आणि खाली माझा मित्र उभा होता. त्यानंतर कामाच्या घाईत शंभर माणसं बोंबलत असली तरी मी आधी तारेला हात लावून बघितलंय. लोक मला खडूस म्हणायचे. तो कडा मागे पडला तेव्हा मला वाटलं, खाली कुठेतरी एक खडूस माणूस आहे, त्याने यांच्या मशीनला हात लावून बघितलेलं दिसतंय. देव त्याचं भलं करो, असंही म्हटलं होतं. तेव्हा शिव्यांच्या आधी आशीर्वाद पोचलेला आहे, ही नोंद घ्यावी.

आत आम्ही चारजण होतो, पोरी. मी, तो हात धरणारा पोरगा, वैमानिक आणि त्याच्या शेजारचा. चौघेही आज जेवलो. तो पोरगा मला भेटायला आला होता, बरोबर त्याची आईही आली होती. तिने मला भाजलेली चेस्टनट आणली. तुझं नाव मी तिला सांगितलं. ती ते दोनदा म्हणाली, लक्षात राहावं म्हणून.

तुला शाबासकी द्यायला शब्द शोधत बसलो तर दुसरा महिना लागेल. एवढंच सांगतो की इथल्या वॉर्डात सगळ्यांना मी ही गोष्ट सांगून झाली आहे, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा आता मला आधीच पुढचं वाक्य सांगतो, आणि तरी मी सांगतो.

नवं पाऊल मला पुढच्या आठवड्यात लावणार आहेत. तू महिनाअखेरीला सुट्टीवर येते आहेस असं तुझी आई म्हणते. तोवर तात्पुरता रस्ता झालेला असेल, बस पुलापर्यंत येते. दुरी तुला घ्यायला येईन म्हणाला, मी त्याला घरी बसायला सांगितलंय. त्या दिवशी बसच्या थांब्यावर मी उभा असेन. उभा, हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

तुझा,
तुमाशमामा